सातची माळ

निहारच्या ओठांतून पांढरा दोरा लोंबत होता.

दूध उतू गेलं म्हणून मी स्वयंपाकघरात धावले, गॅस बंद केला, ओट्यावरचं पुसलं आणि परत आले. दोन मिनिटं झाली असतील, फार तर तीन. तेवढ्यात हा अडीच वर्षांचा पठ्ठ्या लोखंडी ट्रंकेवर चढून माझ्या सामानात फतकल मारून बसला होता आणि माझ्याकडे बघून हसत होता. मी दोरा ओढला. तो सहज बाहेर आला, लाळेने ओला, एका टोकाला गाठ. दोऱ्यात एकही मणी नव्हता.

"काय खाल्लंस? आ कर. आ कर बघू!"

त्याला खेळ वाटला. त्याने दात आवळून घेतले. मी गाल दाबून त्याचं तोंड उघडलं, बोट जिभेखाली फिरवलं, टाळूला, पार घशापर्यंत. त्याला उबळ आली, तो भोकाड पसरून रडायला लागला, पण बाहेर काही निघालं नाही.

माझी थोरली रेवती तेव्हा सहा वर्षांची. ती खिडकीपाशी पाटीवर शुद्धलेखन काढत बसली होती. आता ती उभी राहिली होती.

"आई, त्याने गुंजा खाल्ल्या. सातच्या माळेतल्या."

"किती?"

"माहीत नाही. मी बघितलं तेव्हा तो गिळत होता."

गुंज म्हणजे वाटाण्याहून लहान, लालचुटुक बी. एका टोकाला काळा ठिपका. पूर्वी सोनार तिच्यावर सोनं तोलायचे. आम्ही कोरेगावचे पोतदार, पिढीजात सोनार, त्यामुळे आमच्या देवघरात गुंजांची पितळी डबी होती आणि लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळदकुंकू वाहिलं जायचं. ही बी दिसायला जेवढी देखणी तेवढीच विषारी. सोनाराच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही.

मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपडायला लागले. एक ट्रंकेखाली सापडली. एक निहारच्या मांडीखाली. तिसरी पार दाराच्या उंबऱ्याशी गेली होती. चौथी काही सापडेना. मी सतरंजी झटकली, कपाटाखाली झाडू घातला, निहारचा शर्ट, चड्डी उलटी करून बघितली.

"सातातून तीन गेले," रेवती माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "राहिले चार."

तिचं गणित चांगलं होतं. मीच शिकवलं होतं. त्या क्षणी मात्र ते ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

यजमानांना हाक मारायच्या आधी मी आणखी एक काम केलं. तो ओला दोरा आणि सापडलेल्या तीन गुंजा माझ्या बटव्यात टाकल्या आणि ट्रंकेवरच्या बाकीच्या नऊ माळा गुंडाळून ट्रंकेमागे ढकलल्या. याला किती वेळ लागला असेल? पंधरावीस सेकंद. तेव्हा मला वाटलं, मी पसारा आवरते आहे.

मग मी ओरडले. "अहो! अहो, लवकर या! निहारने गुंजा गिळल्या!"

दुकान घराच्याच पुढच्या भागात होतं. माझे यजमान दिगंबर हातातला चिमटा तसाच घेऊन आत आले. त्यांच्यामागून माझे सासरे, अण्णा. अण्णांना गुडघेदुखी होती, पण त्या दिवशी ते भिंतीला हात न लावता आले.

"कुठल्या गुंजा?" दिगंबरनी विचारलं.

"डबीतल्या. देवघरातल्या. सांडल्या... त्याने घेतल्या."

"किती?"

"चार."

दिगंबर नेहमी माझी थट्टा करायचे. मला 'बाई' म्हणायचे, कारण गावाची बालवाडी मी चालवत होते आणि त्या बालवाडीच्या बाई घरीही बाईच असायच्या. आज ते सरळ निहारकडे वळले. त्यांनी निहारला उचललं, त्याचा चेहरा खिडकीकडे वळवला, पापण्या वर करून बघितल्या. असं बघून काय कळतं ते त्यांनाही माहीत नसावं.

"पोराला घेऊन पळा आधी," अण्णा म्हणाले. "बर्गे डॉक्टर असतील दवाखान्यात. बाकीचं मागनं बघू. आणि डबीतल्या चार गुंजा न्या बरोबर. डॉक्टरला कळू दे काय गिळलंय ते."

दिगंबरनी डबीतून मूठभर गुंजा घेऊन खिशात टाकल्या. अण्णांनी रेवतीचा हात धरला. "हिला राहू दे माझ्याजवळ."

"नको," मी म्हणाले.

"अगं, स्कूटरवर चौघं कशाला? भेदरलीय पोरगी."

"नको म्हटलं ना! येऊ दे तिला."

सासऱ्यांशी या स्वरात मी कधी बोलले नव्हते. अण्णांनी तिचा हात सोडला.

मार्चचं ऊन होतं, दुपारचे अडीच. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दिगंबर पुढे, मध्ये रेवती, मागे मी आणि माझ्या मांडीवर निहार. तो आता रडायचा थांबला होता. स्कूटर त्याला फार आवडायची. तो "बुर्रर्र" करत होता आणि मी त्याच्या पोटावर हात ठेवून बसले होते. त्या मऊ, गरम पोटात चार गुंजा आहेत आणि मला त्या हाताला लागत नाहीत, याने मी वेडीपिशी होत होते. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, हलवू नका, त्याला हलवू नका. रेवतीने मान मागे वळवून दोनदा माझ्याकडे बघितलं. दोन्ही वेळा मी दुसरीकडे बघितलं.

बर्गे डॉक्टरांची झोपेची वेळ होती, पण त्यांनी बनियनवरच दार उघडलं. आमचे चेहरे बघून तसेच टेबलाशी आले. निहारला झोपवलं, पोट दाबून बघितलं, नाडी, जीभ, डोळे.

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं," मी म्हणाले.

"उलटी? जुलाब?"

"नाही."

दिगंबरनी खिशातल्या गुंजा टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी एक उचलली, चष्मा कपाळावर सरकवून निरखली, टेबलावर टकटक आपटली. खड्यासारखा आवाज आला.

"अख्ख्या गिळल्या की चावल्या?"

"चावल्या नाहीत," रेवती म्हणाली. "त्याने गिळल्या. मी बघितलं."

"नक्की ना, बाळ?"

"हो. त्याच्या गळ्याचं असं झालं." तिने मान वर करून घोट गिळून दाखवला.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "मग घाबरू नका. हिचं कवच दगडासारखं असतं. अख्खी गेली तर पोटातून जशीच्या तशी बाहेर पडते. दोन दिवस लक्ष ठेवा, शी तपासा, उलटी झाली तर रात्री-अपरात्री कधीही या."

दिगंबरनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. "देव पावला, डॉक्टर."

"देवच पावला म्हणा. कवच फुटलेलं किंवा टोचलेलं असतं ना, तर एवढं बोलत बसलो नसतो. मागे एका वाडीवरची पोरगी आली होती, गळ्यातली माळ चघळली होती तिने. ह्याला उतारा नाही हो. आतडी सोलून काढतं."

हे ऐकूनही मी बोलले नाही.

आता सांगते. आम्ही घरात होतो तोवर मला स्वतःलाही सांगता आलं नव्हतं. निहारने गिळलेल्या गुंजा डबीतून सांडलेल्या नव्हत्या. त्यांना भोकं होती. ती मी पाडली होती.

पुण्याला जाऊन मी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केला होता. मुलांना अंक शिकवायला मण्यांच्या माळा लागतात, एकची, दोनची, अशा दहापर्यंत. प्लॅस्टिकचे मणी मला नको होते. आमच्याच घरातल्या गुंजा किती सुंदर, मुलांनी त्या हाताळाव्यात, मोजाव्यात, असं माझ्या डोक्याने घेतलं. दोन महिन्यांपूर्वी मी अण्णांना रीतसर विचारलंही होतं. "थोड्या गुंजांना भोकं पाडून द्याल का?" अण्णांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"वैजयंती, गुंजेला भोक पाडायचं नसतं. भोक पडलेली गुंज हलकी होते. हलक्या गुंजेने तोलणारा सोनार चोर. माझ्या आज्यापासून ह्या घरात कुणी गुंज टोचली नाही."

"आणि ती विषारी असते, बाई," दिगंबर म्हणाले होते. "पोरांच्या हातात देऊ नकोस."

मी मान डोलावली आणि मनात हसले. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा येऊन चार वर्षं झाली होती, आता कोण गुंजेने तोलतंय? आणि पोरांवर लक्ष ठेवायला मी आहेच की! एका दुपारी दोघं झोपले असताना मी दुकानातलं हाताने फिरवायचं बारीक ड्रिल आत आणलं. पंचावन्न गुंजा टोचल्या. रेवती शेजारी बसून एकेक माझ्या हातात देत होती. तिला फार मजा आली. शेवटी मी तिला म्हटलं, "हे आपल्या दोघींचं गुपित हं. बाबांना नाही सांगायचं, अण्णांना नाही सांगायचं." माळा मी शनिवारच्या पालकसभेत मांडणार होते. त्या सभेत मी काय बोलते हे सगळ्या गावाला पाठ होतं. मुलांशी खोटं बोलू नका, मुलांना धाक दाखवू नका, मुलं आपण सांगतो ते शिकत नाहीत, आपण करतो ते शिकतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

तर डॉक्टरांच्या टेबलावर भोकं नसलेल्या गुंजा होत्या आणि माझ्या बटव्यात भोकं असलेल्या तीन. बटवा मी इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. मी मनातल्या मनात बेत रचत होते. घरी जाऊ. हे दुकानात बसले की निहारला कडेवर घेईन, पोटात दुखतंय म्हणेन, रिक्षाने एकटी परत येईन आणि डॉक्टरांना एकट्यांना सांगेन. वीस मिनिटांचा तर प्रश्न. वीस मिनिटांनी काय बिघडतंय? पोटच्या पोराच्या आतड्यांपेक्षा मला माझी अब्रू सांभाळायची होती, दुसरं काही नाही. ही गोष्ट मी नंतर कितीतरी वेळा वेगळ्या शब्दांत स्वतःला सांगून बघितली. तिला दुसरे शब्द नाहीत.

आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो. दिगंबरना एकदम हलकं वाटत होतं. त्यांनी निहारला हवेत उडवलं आणि झेललं. "काय रे लबाडा! सोनाराचं पोर, सोनं सोडून गुंजा खातंस होय?" निहार खिदळला. मी ओरडणार होते, उडवू नका म्हणून. पण ओरडले असते तर कारण सांगावं लागलं असतं.

रेवतीने माझा पदर ओढला. मी वाकले. तिने माझ्या कानाला तोंड लावलं.

"आई, गुपित अजून आहे ना?"

ती कुजबुजली खरी, पण सहा वर्षांच्या मुलीची कुजबुज ती. दिगंबरनी ऐकलं.

"कसलं गं गुपित?"

आणि माझ्या मुलीने वर बघितलं. सरळ बापाच्या डोळ्यांत. पापणी लवली नाही, ओठ थरथरले नाहीत.

"काही नाही बाबा. आम्ही डबीतल्या गुंजांचं बोलत होतो. त्या सांडल्या ना, म्हणून."

माझेच शब्द होते. अर्ध्या-पाऊण तासापूर्वी मी बोलले होते तसेच, त्याच सुरात. ती ते इतकं सहज बोलली की दिगंबरनी मान डोलावली आणि ते स्कूटरकडे वळले. घरापासून माझ्या पोटात जी भीती होती तिच्याहून मोठी भीती मला त्या पायरीवर वाटली. निहारच्या पोटात विष होतं ते एका अपघाताने गेलं होतं. हिच्या तोंडात मी ते हाताने घातलं होतं.

"अहो, थांबा," मी म्हणाले.

"आता काय?"

"त्या गुंजांना भोकं आहेत. मी पाडलीत. डबीतल्या नाहीत त्या, माळेतल्या आहेत." बटवा उघडेना. मी तो दातांनी ओढला. ओला दोरा आणि तीन गुंजा त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

दिगंबरनी एक गुंज उचलून उन्हात धरली. सोनाराला भोक बघायला भिंग लागत नाही. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. ते दोन ढांगांत पायऱ्या चढले आणि निहारला छातीशी धरून त्यांनी दारावर लाथ मारली.

"डॉक्टर! डॉक्टर!"

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. डॉक्टरांनी तीच गुंज दिव्याखाली धरली आणि माझ्याकडे बघितलं. "आधी बोलला नाहीत?" एवढंच. मग रबराची नळी. निहारचे हात मी धरले होते, पाय दिगंबरनी. तो किंचाळत होता, मग नळी घशात गेल्यावर किंचाळताही येईना, नुसते डोळे मोठे झाले आणि ते माझ्यावरच लागले होते. आई हात धरून ठेवते आहे आणि सोडवत नाही, हे त्याला समजत नव्हतं. नळीवाटे पाणी आत, पाणी बाहेर. शेवटी नळी काढल्यावर त्याला भडभडून उलटी झाली आणि तिच्यातून दोन गुंजा तसराळ्यात पडल्या. डॉक्टरांनी कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली. त्याचे ओठ, हनुवटी, माझी साडी, सगळं काळं झालं.

"दोन राहिल्या," ते म्हणाले. "जीप बोलावतो. साताऱ्याला हलवा. मी फोन करून ठेवतो."

अण्णा तेवढ्यात चालत चालत दवाखान्यापर्यंत आले होते. जीपमध्ये बसताना मी रेवतीला त्यांच्याकडे दिलं. या वेळी मीच दिलं.

साताऱ्यात पहिल्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दुपारी जुलाबातून रक्त पडलं. चिमुकल्या हाताला शीर सापडेना म्हणून सलाईनची सुई पायाला लावली होती. डॉक्टर यायचे, तक्ता बघायचे, आणखी बाटल्या लावायला सांगायचे. मी विचारलं, "वाचेल ना?" ते म्हणाले, "आजचा आणि उद्याचा दिवस जाऊ दे." मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही. मी नवस करणारी बाई नव्हते. त्या दोन दिवसांत एकही देव सोडला नाही.

दिगंबर खाटेच्या पलीकडच्या बाजूला बसलेले असायचे. ते मला रागावतील, तोडून बोलतील, याची मी वाट बघत होते. ते सलाईनचे थेंब मोजत बसायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, निहारला ग्लानी आली होती तेव्हा, ते खाली बघत म्हणाले, "मला घरातच सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?"

मी निहारच्या पायाची पट्टी सारखी केली.

"ओरडलो असतो," ते म्हणाले. "दोन दिवस जेवलो नसतो. आणखी काय केलं असतं गं?"

तिसऱ्या दिवशी पहाटे उरलेल्या दोन्ही गुंजा पडल्या. त्यानंतर जुलाब हळूहळू कमी होत गेले. चौथ्या दिवशी सकाळी निहारने डोळे उघडले, पायाच्या पट्टीकडे बोट केलं आणि "बाऊ" म्हणाला. मग दूध मागितलं. दिगंबर उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि तिथे भिंतीला डोकं टेकून हुंदके देऊन रडले. मी आतून ऐकत होते. मला रडू आलं नाही. मी चमच्याने दूध पाजत होते आणि दूध सांडू नये म्हणून चमचा दोन्ही हातांनी धरला होता.

त्या दिवशी दुपारी अण्णा रेवतीला घेऊन एसटीने आले. तिने वेण्या स्वतः घातल्या होत्या, एक वर, एक खाली. निहारच्या खाटेजवळ जाऊन तिने त्याच्या हाताला हात लावून बघितला. मग पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून त्याच्या उशाशी ठेवला.

अण्णा स्टुलावर टेकले. माळांबद्दल त्यांना दिगंबरनी फोनवर सांगितलं नव्हतं, मी तर बोललेच नव्हते. सगळं आता, समोरासमोर सांगायचं म्हणून मी शब्द जुळवत होते.

"पोरगी मोठी पक्की हो तुझी," तेच आधी बोलले. "चार दिवस विचारतोय, बाई गं, नक्की काय झालं, डबी कुठे सांडली, डॉक्टरकडे परत का धावलात. लाडीगोडी लावली, गुळाचा खडा दिला, शेवटी एकदा आवाजही चढवला. रडली. पण एक अक्षर नाही."

रेवती खाटेला वळसा घालून माझ्यापाशी आली होती. ती चवड्यांवर उभी राहिली आणि तिने माझं डोकं खाली ओढून घेतलं. तिच्या श्वासाला गुळाचा वास येत होता.

"आई, मी नाही सांगितलं हं. बाबांना तूच सांगितलंस. मी कुणालाच नाही सांगितलं."

आणि शाबासकीची थाप घ्यायला ती माझ्यापुढे पाठ करून उभी राहिली.